ल्योंमध्ये सासूबाईंना गोड काय द्यावं?

प्रश्न : डिसेंबरात मुलीकडे फ्रान्समधल्या ल्यों शहरात जातोय. सासूबाई सोबत आहेत. अंडं खात नाहीत, पण गोडाच्या भारी शौकीन! काय खाऊ घालू?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : त्यांना नेताय, याचाच मला फार आनंद झाला.

ल्योंची खासियत म्हणजे गुलाबी प्रालीन. साखरेचा जाड थर चढवलेले बदाम, दिसायला आपल्या संक्रांतीच्या हलव्यासारखे खडबडीत. ते कुटून क्रीममध्ये शिजवतात आणि टार्टच्या पारीत ओततात. सुरी लावली की लालभडक थर पात्याला चिकटून येतो आणि मध्ये बदामाचा तुकडा कचकन लागतो. तुम्ही जरूर खा! पारीत मात्र बरेचदा अंडं असतं, म्हणून सासूबाईंना नुसते प्रालीन द्या. पाकिटावर ‘ई १२०’ असेल तर तेही नको, तो लाल रंग किड्यांपासून काढतात.

क्रोसाँवर चकाकीसाठी बहुधा अंडंच फासतात. १९६० पासून मिळणारी हिरवट उशीसारखी ‘कुसाँ’ ही मिठाई सुंदर दिसते, पण आतल्या चॉकलेटात क्युरासाव हे मद्य असतं. हे आधीच सांगितलेलं बरं.

त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती ‘मारों ग्लासे’ला. सोललेले चेस्टनट पाकात हळूहळू मुरवतात, दाताखाली अगदी मऊ लागतात. डिसेंबर हा त्यांचाच हंगाम. फळांचा गर पेक्टिन (फळांतूनच मिळणारा, घट्टपणा आणणारा पदार्थ) घालून आटवलेल्या वड्याही घ्या.

पार-दिये भागात प्रसिद्ध फ्रेंच शेफ पॉल बोक्यूज यांच्या नावाची मंडई आहे, तिथे यातलं बरंच मिळेल. सोमवारी बरेच गाळे बंद असतात, तो वार टाळा.