तो निबंध मुलीचा राहिलाच नव्हता

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. इंग्रजी लेखन आणि संवादकौशल्याचा कोर्स तिला सक्तीचा आहे. पहिल्या निबंधाला फार कमी गुण मिळाले. व्याकरणाची एकही चूक नव्हती, कारण मी स्वतः दोनदा तपासून वाक्यं सुधारून दिली होती. तरी शिक्षिकेनं खाली लिहिलं, ‘यात तुझं म्हणणं काय आहे?’ आता घरात मराठी बोलणं बंद केलंय. रोज 20 नवे शब्द पाठ करून घेतो. हल्ली ती लिहिलेलं दाखवत नाही. उच्चार सुधारायला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू, की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी आत्ताच सुरू करू? – एक वडील

उत्तर : गुणांबद्दलचं वाक्य मी एकदाच वाचलं. ‘हल्ली ती लिहिलेलं दाखवत नाही’ यापाशी मात्र बराच वेळ थांबले. काळजी करण्यासारखं ते आहे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात.

स्पष्टच बोलते. शिक्षिकेचा प्रश्न रास्त होता. तुम्ही दोनदा सुधारलेल्या निबंधात मुलीचं म्हणणं उरणार कुठून? तिनं अडखळत काहीतरी मांडलं असेल, तुम्ही ते घासून गुळगुळीत केलंत. ते गुण खरं तर तुम्हा दोघांचे, पण निराशा तिच्या एकटीच्या वाट्याला आली. शिवाय आपलं वाक्य बाबांच्या पसंतीला उतरत नाही, हे ती दर परिच्छेदाला शिकत गेली. मग तिनं वही मिटून ठेवली यात नवल नाही. यामागे तुमची माया आहे, हे मला दिसतं. तिलाही दिसत असणार, म्हणूनच ती तोंडानं काही म्हणत नाही.

निर्दोष व्याकरण आणि भारी शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी लेखन, हा समज तुमच्या मनात पक्का बसलाय. नॅन्सी सॉमर्स या अमेरिकी अभ्यासिकेचा 1980 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पहिल्या वर्षाचे 20 विद्यार्थी एकीकडे. पत्रकार, संपादक, प्राध्यापक असे 20 मुरलेले लिहिणारे दुसरीकडे. प्रत्येकानं तीन लेख लिहिले आणि प्रत्येक लेख पुन्हा दोनदा लिहिला. विद्यार्थ्यांनी मुख्यतः शब्द बदलले; हा नको तो घाल, तोच शब्द पुन्हा आला तो काढ. मुरलेली माणसं आधी आपल्याला नेमकं काय म्हणायचंय हे शोधत होती, वाचणाऱ्याच्या नजरेनं आपला लेख पाहत होती, आणि त्यासाठी अख्खी मांडणी मोडायला तयार होती. तुम्ही मुलीकडून पहिलं करवून घेताय. हा कोर्स तिला दुसरं शिकवू पाहतोय. व्याकरणाच्या चुका शेवटच्या खर्ड्यातही काढता येतात. आणि ‘युटिलाइझ’ पाठ झाला म्हणून ‘यूज’ काही वाईट ठरत नाही.

घरातली मराठीबंदी आजच उठवा. ज्या भाषेत ती वाद घालते, ज्या भाषेत तिला मुद्दे सुचतात, तीच तुम्ही काढून घेतलीत. पहिला खर्डा तिनं अर्धा मराठीत लिहिला तरी काही बिघडत नाही. उच्चारांची धास्तीही सोडा. जोसेफ कॉनरॅड यांचा जन्म 1857 सालचा, घरची भाषा पोलिश. इंग्रजी ते विशीनंतर जहाजांवर काम करता करता शिकले आणि बोलण्यातला पोलिश हेल शेवटपर्यंत गेला नाही. इंग्रजीतल्या मोठ्या कादंबरीकारांत त्यांचं नाव घेतात.

आयईएलटीएसची तयारी परदेशी प्रवेशाचं ठरल्यावर करता येते. त्यातही लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नाला किमान 250 शब्दांत स्वतःची बाजू मांडावी लागते.

हाच निबंध घेऊन मुलीनं शिक्षिकेकडे जावं, एकटीनं. ‘कसा झालाय?’ असं मोघम न विचारता ‘माझा मुद्दा तुमच्या हातून कुठल्या परिच्छेदात सुटला?’ असं विचारावं. वर्गात एकमेकांचं लिखाण वाचायला देतात, तो तास मुलांना वाया गेल्यासारखा वाटतो. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तिथे गुण न देणारा वाचक भेटतो आणि तो कुठे गोंधळला हे समोरासमोर कळतं. बोलण्याचा सरावही यातच आहे. कागद बाजूला ठेवून निबंधाचा गाभा मैत्रिणीला दोन मिनिटांत सांगायचा. सांगताना जिथे ‘म्हणजे तसं नाही गं’ असं होतं, तिथे लेखातही बहुतेक गाठ असते. ती सोडवून पुन्हा लिहायचं, पुन्हा सांगायचं. पाठ केलेल्या भाषणानं हे होत नाही.

आणि तुम्ही ते पेन ठेवून द्या. तिनं आपणहून दाखवलं तरच वाचा, आणि वाचून झाल्यावर ‘मला यातून हे कळलं’ एवढंच सांगा. तुम्हाला कळलं ते आणि तिला म्हणायचं होतं ते वेगळं निघालं, तर पुढचं ती बघेल. स्पेलिंगची चूक दिसली तरी गप्प बसा. जड जाईल, पण बसा.

क्लासचं तिलाच ठरवू द्या. माझ्याशी बोलावंसं वाटलं, तर पुढचं पत्र तिनं लिहावं, हव्या त्या भाषेत. पाठवण्याआधी तुम्ही मात्र ते वाचू नका.