तळघराला कुलूप लाव

प्रिय लेखकमित्रा,

तुझी कथा वाचली. वीज गेली, फोन मुके झाले, तिसऱ्या दिवशी शहर पेटलं आणि तुझा निवृत्त कमांडो नायक तळघराचं दार उघडून आत गेला. आत दोन वर्षांचं धान्य, जनरेटर, औषधं, बंदुका, सगळं जय्यत तयार. तिथेच माझा जीव भांड्यात पडला आणि पुढची सगळी पानं मी निवांत वाचली. अशा कथेत वाचक निवांत झाला, की लेखकाचा कारभार आटोपला. (जाता जाता: जनरेटरसाठी साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांतच खराब व्हायला लागतं. तुझा जनरेटर दुसऱ्या वर्षीही एका झटक्यात सुरू होतो.)

सोबतच्या चिठ्ठीत मात्र तू लिहिलं आहेस, की तुला सामान्य माणसांची कथा सांगायची आहे. मग ते तळघर आधी बंद कर. आणि सामान्य म्हणजे बावळट, असंही समजू नकोस. तुझे शेजारी फक्त रडायला आणि नायकाकडून वाचवले जायला कथेत आलेत. खरं तर प्रत्येक माणसाला काही ना काही येत असतं. फक्त ते या संकटासाठी शिकलेलं नसतं. १९७२ साली अँडीज पर्वतात कोसळलेल्या विमानाचंच बघ. विमानात ४५ जण होते. त्यात उरुग्वेचा एक रग्बी संघ, त्यांचे मित्र, नातेवाईक. ७२ दिवसांनी जिवंत परतले १६. शोध थांबवल्याची बातमी त्यांनी स्वतःच एका छोट्या रेडिओवर ऐकली. त्यांच्यात गिर्यारोहक कोणी नव्हता. बर्फावरच्या उन्हानं डोळे जाऊ नयेत म्हणून त्यांनी कॉकपिटमधल्या ऊन अडवणाऱ्या झडपांच्या प्लॅस्टिकचे चष्मे केले. आसनांमागचे पत्रे उन्हात मांडून बर्फाचं पाणी केलं. डोंगर ओलांडायचा तर रात्री गोठून मरायचं नाही, म्हणून विमानाच्या शेपटीतलं उष्णतारोधक अस्तर काढून झोपायची मोठी पिशवी शिवायची ठरली. शिवायला पुढे आला एक मुलगा, कारण लहानपणी आईनं त्याला टाके घालायला शिकवले होते. त्या पिशवीच्या भरवशावर गेलेले दोघं दहा दिवस चालले आणि मदत मिळाली.

असा टाका तुझ्या कथेत एकही नाही. तुझ्या पात्रांची यादी काढ आणि प्रत्येकापुढे लिही, याला पोटापाण्यासाठी काय येतं आणि हौसेखातर काय येतं. निम्मं कथानक तिथेच सापडेल.

आता पाणी. तुझ्या कथेत पात्रं ‘पाणी आणतात’ आणि वाक्य संपतं. मला ते चालत नाही. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. आपत्तीतल्या मदतकार्यात पिणं, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी रोज किमान १५ लिटर धरतात. चार माणसांचं घर म्हणजे रोज ६० किलो. लिफ्ट बंद, घर चौथ्या मजल्यावर. वीस लिटरचा कॅन घेऊन तीन खेपा, आज, उद्या, परवा. चौथ्या दिवशी कोण म्हणेल की मी आंघोळ केली नाही तरी चालेल? शौचालयात पाणी ओतताना कोणाची नजर कोणावर असेल? ज्याचे गुडघे दुखतात तो पाणी कमी प्यायला लागेल आणि कोणाला सांगणार नाही. त्याच्या सुनेला ते पाचव्या दिवशी, त्याचे ओठ बघून कळेल. बंदूक न दाखवता अख्खं प्रकरण उभं राहिलं की नाही?

आकड्यांना घाबरू नकोस. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं रशियातल्या लेनिनग्राड शहराला घातलेल्या वेढ्यात, १९४१च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळत होता आणि घरातल्या अवलंबितांना, मुलांना १२५ ग्रॅम. त्या पावातही भेसळच फार. पण लेखकानं थांबायचं ते या दोन आकड्यांमधल्या अंतरावर. कारखान्यातून आलेला बाप टेबलावर बसतो. त्याच्या वाट्याचा तुकडा मुलाच्या तुकड्याच्या दुप्पट आहे. त्यानं तो वाटला तर उद्या मशीनपाशी तोच कोसळेल आणि घरात २५० ग्रॅमवाला कोणी उरणार नाही. नाही वाटला तर मुलगा समोर बसला आहे. असा प्रसंग लिहिताना विशेषणं शोधावी लागत नाहीत.

वेळेचंही तेच. इन्सुलिनची बाटली, उघडलेली असो वा नसो, फ्रिजबाहेर घरच्या तापमानाला साधारण २८ दिवस वापरता येते. फ्रिज बंद पडला त्या दिवसापासून मोजायला लाग. तुझ्या कथेतल्या मधुमेही आजी शेवटच्या पानापर्यंत टुणटुणीत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दंगल मात्र काढून टाक, निदान तिसऱ्या दिवसाची तरी. एन्रिको क्वारँटेली या समाजशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं आपत्तींमधलं माणसांचं वागणं अभ्यासलं. सिनेमात दिसते तशी सामूहिक घबराट प्रत्यक्षात क्वचितच होते आणि पहिली मदत बहुतेक वेळा शेजारीच करतात, असं त्यांना पुन्हा पुन्हा आढळलं. म्हणजे सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं नाही. माणसं भांडतात, पण लुटायला आलेल्या टोळीशी कमी आणि रोज शेजारी झोपणाऱ्याशी जास्त. १९६५ साली पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशातली, शाळेतून पळालेली सहा मुलं होडी भरकटून आटा नावाच्या निर्जन बेटावर अडकली आणि सव्वा वर्षानं सापडली. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं आणि डोकं शांत झाल्यावर परत यायचं, असा त्यांचा नियम होता. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बेटाची टोकं कुठून आणणार? हा प्रश्न तुझ्या पात्रांपुढे टाक. मला तर वाटतं, जिन्यातली एक पायरी कोणीतरी आपली म्हणून ठरवून घेईल आणि तिच्यावर बसलेल्याशी कोणी बोलायचं नाही, असा अलिखित कायदा होईल.

भाषेबद्दल फार बोलत नाही, ती तुझी चांगली आहे. फक्त ‘मृत्यूचं तांडव’ आणि ‘भयाण शांतता’ हे दोन्ही जिथे जिथे आलंय तिथून उडव.

वीज शेवटी परत आणायची की नाही, असं तू विचारलं आहेस. ते आत्ता ठरवू नकोस. कमांडोला रजा दे, त्याच्या जागी चौथ्या मजल्यावरची ती सून घे आणि पहिले दहाच दिवस लिही. लिहिण्याआधी एका कागदावर घरातलं पाणी, धान्य, औषधं आणि माणसं मांडून रोजचा खर्च वजा करत जा. नवा खर्डा पाठवशील तेव्हा तो कागदही जोड. कथेआधी मी तोच तपासणार आहे.

तुझा,
एक जुना वाचक