पहिल्या पगाराच्या स्लिपबद्दल

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पहिला पगार झाल्याचं कळलं, बरं वाटलं. चाकणला ठेकेदाराकडे लागलीस म्हणून स्वतःला कमी लेखू नकोस. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाला, म्हणजे ज्या कंपनीत काम चालतं तिला, द्यावा लागतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांमध्येही ती आहे. नेमणूक पत्रही आता प्रत्येकाला द्यावंच लागतं. मिळालं नसेल तर लेखी माग.

तू प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या विभागात आहेस, म्हणून ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, जरा सविस्तर लिहितो. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तुझ्याकडून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. पॉवर प्रेसमध्ये बोट गेलं की काही ठिकाणी काय होतं ते ऐक. जखमी पोराला जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात आणि इकडे ऑफिसात घाईघाईने त्याची ईएसआय नोंदणी उरकतात. तोवर तो कामगार म्हणून कागदावर नसतोच! म्हणून विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड आत्ताच मागून घे. कामावर इजा होऊन घरी बसावं लागलं तर रोजच्या मजुरीच्या ९० टक्के भत्ता मिळतो, आणि त्यासाठी नोकरी किती महिने झाली हे बघत नाहीत. आणि हो, हात आत असताना मशीन थांबवणारा सेन्सर बंद करून मशीन चालव म्हणाले तर चालवू नकोस. टार्गेट गेलं खड्ड्यात.

ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा. समज, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये आहेत. २६ दिवसांनी भागले तर रोजचे ६००, तासाचे ७५. म्हणजे जादा तासाचे १५० झाले पाहिजेत. बरेच ठेकेदार ७५ च देतात आणि कुणी विचारत नाही. रोजची आत-बाहेरची वेळ स्वतःच्या वहीत टिपून ठेव, पंचिंग मशीनचा डेटा तुझ्या हातात नसतो.

पीएफ स्लिपवर कापलेला दिसला म्हणजे भरला असं नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा क्रमांक, घे आणि सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक दर महिन्याला बघ. कोऱ्या कागदावर किंवा तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही करू नकोस, कितीही घाई केली तरी.

तक्रार करायची वेळ आली तर एकटी जाऊ नकोस. मुंबईच्या गिरण्यांमध्ये १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली ती कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामागे हजारो कामगार उभे राहिले म्हणून. तुझ्या लाइनवरच्या चार-पाच जणींच्या स्लिपा गोळा कर, एकच अर्ज करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

अर्जाचा मसुदा मी लिहून देतो. स्लिपेचा फोटो पाठव.

तुझा,
काका