ॲबट्सफर्ड कनक्सचं वय नेमकं किती? आणि ते सात कप कुणाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ब्रिटिश कोलंबियात ॲबट्सफर्डला राहायला गेलात आणि 2025 मध्ये तिथल्या टीमने, ॲबट्सफर्ड कनक्सने, अमेरिकन हॉकी लीगचा (एएचएल) विजेतेपदाचा कॉल्डर कप जिंकल्यापासून आइस हॉकीची गोडी लागली. ऑफिसातला एक जण सांगतो की टीम 2021 ची आहे. दुसरा म्हणतो, छे, ही मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची फ्रँचायझी, 1935 पासूनची, तिने आधीच सात कप जिंकलेत. तिसरा म्हणतो टीम युटिकाहून आली. मग युटिका कॉमेट्स अजून युटिकातच कशी खेळते?

तिघंही खरंच सांगतायत. मी मॅसॅच्युसेट्समधल्याच वूस्टरजवळ राहतो. या फ्रँचायझीने स्प्रिंगफील्ड कायमचं सोडल्यावर पहिला मुक्काम केला तो इथेच, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो.

एएचएल ही एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या आइस हॉकी लीगच्या, लगेच खालची लीग. वर 32 टीम, खाली 32, प्रत्येकीची जोडी ठरलेली. खालच्या टीममधल्या बहुतेक महत्त्वाच्या खेळाडूंचा करार वरच्या टीमशी असतो. शनिवारी ॲबट्सफर्डला खेळलेला पोरगा सोमवारी व्हँकुव्हरच्या बेंचवर दिसतो तो यामुळे. आणि फ्रँचायझी म्हणजे या लीगमध्ये खेळण्याचा परवाना. तो विकता येतो आणि लीगने मंजुरी दिली की दुसऱ्या गावाला नेताही येतो. नाव, रंग, जुन्या आठवणी मात्र बहुतेक वेळा मागेच राहतात. आपल्याकडे पुणे वॉरियर्स बंद पडली आणि तीन वर्षांनी रायझिंग पुणे आली, तेव्हा गहुंजेला मॅच बघायला जाणारी माणसं तीच होती, पण कागदोपत्री दोन टीमचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. इथे हे दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे होतं.

आता स्प्रिंगफील्ड. टीमचं नाव स्प्रिंगफील्ड इंडियन्स. इंडियन मोटारसायकलचा कारखाना त्या गावात होता, त्यावरून. 1926 मध्ये सुरू झालेली पहिली टीम काही वर्षांत बंद पडली. 1935 मध्ये क्यूबेकची फ्रँचायझी इथे आली आणि तिने जुनंच नाव घेतलं. म्हणजे ज्या वंशावळीची आपण चर्चा करतोय, तिची सुरुवातही स्थलांतरानेच होते. 1936 मध्ये ती आताच्या एएचएलची जी पूर्वज लीग, तिच्यात आली.

1939 मध्ये एडी शोर या गड्याने टीम विकत घेतली. बॉस्टन ब्रुइन्सचा हा डिफेन्समन. चार वेळा एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, अंगावर टाक्यांचे व्रण मिरवणारा. खेळाडू म्हणून थोर, मालक म्हणून महाभयंकर. गोलकीपर सारखा बर्फावर लोळतो म्हणून सरावाला त्याची मान दोरीने गोलच्या वरच्या दांडीला बांधायची, ही गोष्ट त्याच्याकडे खेळलेल्या अनेकांनी सांगितली आहे. पायांत लय यावी म्हणून खेळाडूंना टॅप डान्स करायला लावायचा. जे जखमी आहेत किंवा साहेबांच्या मर्जीतून उतरलेत, त्यांना बसवून पगार द्यायचा नाही. त्यांनी स्टेडियमचे दिवे बदलायचे, पॉपकॉर्न विकायचे, फुगे फुगवायचे. टीममध्ये जाणं म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा, असं त्या काळचे खेळाडू मानत. आणि तरी त्याच टीमने 1960, 61 आणि 62 असे लागोपाठ तीन कॉल्डर कप जिंकले. एएचएलमध्ये सलग तीन आजवर दुसऱ्या कुणाला जमलेले नाहीत.

डिसेंबर 1966 मध्ये शोरने तीन डिफेन्समनना मन लावून खेळत नाही म्हणून बिनपगारी निलंबित केलं आणि बाकीच्यांनी खेळायलाच नकार दिला. खेळाडूंच्या बाजूने टोरोंटोचा एक तरुण वकील उभा राहिला, ॲलन ईगलसन. शोरला रोजच्या कारभारातून बाजूला व्हावं लागलं आणि सहा महिन्यांत, जून 1967 मध्ये, त्याच ईगलसनच्या पुढाकाराने एनएचएल खेळाडूंची संघटना उभी राहिली. (हाच ईगलसन पुढे खेळाडूंच्या पैशांत अफरातफर केल्याबद्दल 1998 मध्ये तुरुंगात गेला, पण तो वेगळाच धागा होईल.) या सगळ्या काळात एएचएलचा अध्यक्ष कोण होता? जॅक बटरफील्ड, शोरचा भाचा. आधी मामाच्याच टीमचा कारभार बघायचा. 1994 पर्यंत तो अध्यक्ष होता आणि आज प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूला त्याच्या नावाची ट्रॉफी देतात. 2025 मध्ये ती ॲबट्सफर्डच्या आर्तुर्स शिलोव्ह्सला मिळाली. तुमच्या तेव्हाच्या गोलकीपरला मिळालेल्या ट्रॉफीवर ज्याचं नाव आहे तो याच फ्रँचायझीच्या जुन्या मालकाचा भाचा, हे ॲबट्सफर्डच्या स्टेडियममध्ये किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.

पुढचं भराभर सांगतो. 1967 मध्ये एनएचएलमधल्या लॉस एंजेलिस किंग्जच्या मालकाने खेळाडू घेतले, टीमचं नाव स्प्रिंगफील्ड किंग्ज झालं, 1971 मध्ये त्याच नावाने कप आला. 1974-75 च्या हंगामात म्हाताऱ्या शोरने टीम परत हातात घेतली, इंडियन्स हे नाव परत आणलं आणि त्याच हंगामात पुन्हा कप. मग 1990 आणि 1991. झाले सात.

1994 मध्ये ही फ्रँचायझी रॉय बो यांना विकली गेली. न्यूयॉर्क आयलँडर्सचे पहिले मालक ते हेच. त्यांनी ती तासाभराच्या अंतरावर वूस्टरला आणली आणि नाव ठेवलं आइसकॅट्स. स्प्रिंगफील्डवाले गप्प बसले नाहीत. त्यांनी लीगकडून कोरी करकरीत फ्रँचायझी मिळवली आणि त्याच वर्षी, त्याच स्टेडियममध्ये स्प्रिंगफील्ड फाल्कन्स सुरू केली. गावात हॉकीचा एकही हंगाम चुकला नाही. पण परवाना गेला वूस्टरला, प्रेक्षक राहिले स्प्रिंगफील्डला, आणि सात कपांचं कपाट नक्की कुणाच्या घरात, हा तुमचा प्रश्न तिथे जन्माला आला.

माझं मत विचाराल तर कप स्प्रिंगफील्डचे. वूस्टरमध्ये मी आइसकॅट्सवर जीव टाकणारी पुष्कळ माणसं पाहिली आहेत, आजही मॅचला जुन्या जर्सी घालून येतात. त्यातल्या एकाच्याही तोंडून 'आम्ही 1960 ला जिंकलो' असं ऐकलेलं नाही. ॲबट्सफर्डनेही 2025 चा कप पहिला म्हणूनच साजरा केला, आठवा म्हणून नाही. वंशावळ आमच्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी ठीक आहे.

आइसकॅट्सची जोडी सेंट लुईस ब्लूजशी होती. वूस्टर ते सेंट लुईस म्हणजे अर्धा देश ओलांडायचा. 2005 मध्ये फ्रँचायझी इलिनॉयमधल्या पिओरियाला गेली, सेंट लुईसपासून गाडीने तीन तासांच्या आत. तिथे रिव्हरमेन नावाची टीम आधीच होती, ईसीएचएल या आणखी खालच्या लीगमध्ये. ती टीम बाजूला झाली आणि तिचं नाव नव्या टीमने घेतलं. 2013 मध्ये एएचएल पिओरियातून गेली, तरी रिव्हरमेन राहिली, आता एसपीएचएल या त्याहूनही खालच्या लीगमध्ये. सगळ्यात आधी, ऐंशीच्या दशकात, ती आयएचएल या आता बंद पडलेल्या लीगमध्ये होती. एकच गाव, एकच नाव, चार लीग.

2013 मध्ये व्हँकुव्हर कनक्सने ही फ्रँचायझी ब्लूजकडून विकत घेतली. इथे युटिका येतं. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यात, गिरण्या आणि कारखाने बंद पडत गेलेलं साठेक हजार वस्तीचं गाव. तिथलं मेमोरियल ऑडिटोरियम 1960 चं. छप्पर लोखंडी तारांवर तोललेलं, मध्ये एकही खांब नाही, आणि जेमतेम चार हजार माणसं मावतात. बर्फ इतका जवळ की खेळाडू कडेच्या फळीवर आदळला की पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातातला बिअरचा ग्लास हलतो. रॉबर्ट एश हा शेजारच्याच गावचा, फिलाडेल्फियासाठी एनएचएल खेळलेला गोलकीपर. त्याने व्हँकुव्हरला पटवलं आणि कॉमेट्स सुरू झाली. 2015 मध्ये टीम अंतिम फेरीपर्यंत गेली, न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टरकडून हरली. तिकिटं मिळायची मारामार.

प्रेक्षक भरभरून येत होते, तरी टीम गेली. अडचण होती अंतराची. युटिका ते व्हँकुव्हर साधारण चार हजार किलोमीटर. वर कुणी जखमी झालं की युटिकातल्या खेळाडूने आधी गाडीने सिरॅक्यूज गाठायचं, तिथून विमान बदलत बदलत तीन टाइम झोन पार करून संध्याकाळी बर्फावर उतरायचं. शिवाय एनएचएलमध्ये पगारखर्चावर मर्यादा असते. तेव्हा खालची टीम शेजारी असली की मॅच नसलेल्या दिवशी खेळाडूला कागदोपत्री खाली पाठवून पैसे वाचवता यायचे, आणि तो आपल्या घरीच झोपायचा. चार हजार किलोमीटरवर हे जमत नव्हतं. कोविडच्या काळात सीमा बंद झाली तेव्हा उरलीसुरली हौसही फिटली. 2021 मध्ये व्हँकुव्हरने आपला परवाना उचलला आणि सत्तर किलोमीटरवर तुमच्या गावात आणला.

हेच गणित पूर्वी पश्चिम किनाऱ्यावरच्या इतरांनी केलं होतं. 2015 च्या जानेवारीत एएचएलने एका दमात पाच टीम कॅलिफोर्नियाला हलवत असल्याचं जाहीर केलं. त्यात आमची वूस्टर शार्क्सही गेली. आइसकॅट्स गेल्यावर 2006 मध्ये क्लीव्हलंडहून आलेली ही टीम सॅन होजेला वरच्या टीमच्याच स्टेडियममध्ये जाऊन बसली. आम्हाला 2017 मध्ये ईसीएचएलची रेलर्स मिळाली. एक पायरी खाली, पण तिकीट स्वस्त आणि पार्किंग सोपं. तक्रार नाही.

आता युटिकाचं कोडं. व्हँकुव्हरने नेला तो परवाना. कॉमेट्स हे नाव आणि स्टेडियमचा कारभार एशच्या मंडळींकडेच राहिला. त्यांनी लगेच न्यू जर्सी डेव्हिल्सशी बोलणी केली, बिंगहॅम्टनची डेव्हिल्सची फ्रँचायझी उचलून युटिकाला आणली आणि तिच्यावर कॉमेट्सचीच पाटी लावली. नव्या कॉमेट्सने पहिल्या हंगामाची सुरुवात सलग 13 विजयांनी केली, तो लीगचा विक्रम झाला. युटिकाच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने टीम कधी गेलीच नाही, फक्त खेळाडू आणि रंग बदलले. फटका बसला तो बिंगहॅम्टनला, त्यांच्या नशिबी पार खालची लीग आली.

असा फटका नेहमीच पुढे सरकतो. 2016 मध्ये एनएचएलच्या ॲरिझोना कोयोटीजने फाल्कन्स विकत घेऊन त्याच राज्यातल्या टूसॉनला नेली, तेव्हा स्प्रिंगफील्डच्या स्थानिक व्यावसायिकांनी मेन राज्यातल्या पोर्टलंडची टीम उचलली आणि थंडरबर्ड्स काढली. पोर्टलंड दोन वर्षं उपाशी राहिलं. मग तिथे 2018 मध्ये ईसीएचएलची टीम सुरू झाली, तो परवाना होता अलास्कातल्या अँकरेजचा. म्हणजे वाळवंटातल्या एका शहराला टीम हवी होती, आणि साखळी शेवटी अँकरेजच्या परवान्यापर्यंत पोहोचली. त्यात वर गंमत म्हणजे थंडरबर्ड्सची आताची जोडी कुणाशी? सेंट लुईस ब्लूजशी. ज्यांनी स्प्रिंगफील्डची मूळ फ्रँचायझी पिओरियात खेळवून व्हँकुव्हरला विकली, तेच आज स्प्रिंगफील्डमध्ये आहेत.

तुमच्या गावाचा एक जुना हिशेबही माहीत असू द्या, कारण स्थानिक लोक तो चवीने सांगतील. 2009 मध्ये नवं स्टेडियम उघडलं तेव्हा नगरपालिकेने कॅलगरी फ्लेम्सची टीम आणली, ॲबट्सफर्ड हीट. करार दहा वर्षांचा, आणि टीमला तोटा झाला तर तो शहराने भरायचा. कनक्सच्या पट्ट्यात कॅलगरीची टीम, म्हणजे वैऱ्याची पोरं आपल्या अंगणात! खुर्च्या रिकाम्या राहिल्या, शहर दर वर्षी पैसे भरत बसलं आणि 2014 मध्ये 55 लाख डॉलर मोजून करारातून मोकळं झालं. त्यामुळे 2021 मध्ये कनक्सचं नाव आलं तेव्हा जुन्या करदात्यांनी आधी अटी विचारल्या असतील तर मला नवल वाटणार नाही. या वेळी गणित जुळलं, कारण लोकांना हवी होती तीच टीम आली. त्यात 2025 चा कप जिंकणाऱ्या टीमचा कोच मॅनी मल्होत्रा आणि तिच्यातला सरेचा खेळाडू अर्शदीप बैंस, दोघंही भारतीय वंशाचे. फ्रेझर खोऱ्यातल्या पंजाबी घरांमध्ये 2025 च्या जूनमध्ये काय वातावरण होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल.

जाता जाता एक काम सांगतो. कॅलगरी रँग्लर्स तुमच्याकडे खेळायला येतील तेव्हा ती मॅच चुकवू नका. हीटचा परवाना ॲबट्सफर्डहून आधी न्यूयॉर्क राज्यात ग्लेन्स फॉल्सला गेला, तिथून वर्षभरात कॅलिफोर्नियात स्टॉकटनला, आणि 2022 पासून तो म्हणजेच रँग्लर्स. त्याचा उलटा माग काढत गेलात तर मोलिन, ओमाहा, सेंट जॉन ही गावं लागतात, आणि त्याआधी, 1987 ते 1993, तो युटिका डेव्हिल्स होता. तुमच्या गावात आजवर आलेल्या दोन्ही फ्रँचायझी त्या एकाच चार हजार खुर्च्यांच्या ऑडिटोरियममधून गेल्या आहेत.