मुलगा पुस्तकाला हात लावत नाही. रोजच्या कामांतून त्याला वाचनाकडे कसं वळवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, अक्षरं येतात पण पुस्तक उघडत नाही, आणि पानामागे बक्षीस देऊनही गाडी पुढे सरकली नाही. घरातल्या रोजच्या कामांतून काही करता येईल का, असं विचारलंय.

येईल. पण आधी ते बक्षीस बंद करा. याच विषयावर आमच्या घरात महाभारत झालेलं आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल, चालवून घ्या.

माझा मुलगा त्या वयाचा असताना वाचनाचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. बाराखडी तोंडपाठ, पण जोडाक्षर आलं की अडलाच. माझे धाकटे दीर भारी उत्साही. घरात चार माणसं जमली की वर्तमानपत्र त्याच्यापुढे धरायचे, "वाच बघू मोठ्यानं, काका ऐकतोय." तो अडखळला की शब्द हेच पुरा करणार आणि वर विचारणार, "एवढंसुद्धा येत नाही?" पोराचे कान लालबुंद. मी म्हणायची, "भाऊजी, पुरे आता." ते म्हणायचे, "वहिनी, लाड करून ठेवलेत तुम्ही."

मग त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. वाचलेल्या पानाला एक चांदणी, ठरावीक चांदण्यांना बक्षीस. सुरुवातीला तक्ता झळकला. पुढे चिरंजीव पानाला दोनच ओळी असलेली पुस्तकं हुडकून काढायला लागले आणि चित्रं बघत पानं उलटायला लागले. हिशोब चोख, वाचन शून्य.

या चांदण्यांवरून मी तेव्हा तावातावाने एक प्रयोग ऐकवायची. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता अवचित दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत घालवत होती. भाऊजींचं उत्तर ठरलेलं: "ती मुलं वेगळी, आपली वेगळी."

तक्ता आपोआप बंद पडला. वाचन सुरू झालं ते भलत्याच वाटेने, आणि गंमत म्हणजे भाऊजींमुळेच. आमच्याकडे सोंगट्यांचा एक खेळ होता. त्यात भाऊजी हरायला लागले की नवे नियम जन्माला यायचे. एकदा पोराची सोंगटी सुरक्षित घरात बसलेली असताना त्यांनी ती सरळ मारली. "असं चालतं, मोठ्यांच्या खेळात." पोरगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. मी कणीक मळत होते. म्हटलं, "खोक्यात नियमांचा कागद आहे, बघ." खरंच हात भरलेले होते, मुद्दाम काही केलं नव्हतं.

कागदावर बारीक टाइप. त्याने बोट ठेवून ओळ धरली. 'सुरक्षित घरातील' इथपर्यंत झपाट्याने गेला, मग 'प्रतिस्पर्ध्याच्या'पाशी आला. प्रति. स्प. प्रतिस्प. परत मागे. भाऊजींनी सवयीने तोंड उघडलं, मी डोळे वटारले. 'ध्या'वरचा रफार त्याला दिसेना, ते अक्षर वेगळं सुटेना. बराच वेळ ओठ हलत राहिले, मग एकदम मोठ्याने, "प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीस मारता येणार नाही! काका, सोंगटी परत ठेवा!" ठेवावी लागली. त्यानंतर घरातल्या प्रत्येक खेळाचा कागद त्याने वाचून काढला, निव्वळ काकाला पकडायला.

भाऊजींचं अजूनही म्हणणं आहे की हे काही खरं वाचन नव्हे. खरं वाचन म्हणजे पुस्तक. मला हे मुळीच पटत नाही. वाचनाचे दोन भाग: अक्षरांवरून शब्द उलगडणं आणि भाषा समजणं. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली हे अगदी सोप्या सूत्रात मांडलं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचन, एक शून्य तर सगळंच शून्य. शब्द उलगडण्याचा सराव नियमांच्या कागदावर होतो तसाच गोष्टीच्या पुस्तकावर होतो. चित्रकथांना नाकं मुरडणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. काम खरं असलं पाहिजे. मुद्दाम रचलेलं मुलांना लगेच कळतं. स्वयंपाक करताना तुमचे हात भरलेले आहेत आणि पाकिटावरची कृती त्यालाच वाचायची आहे, चुकलं तर पदार्थ बिघडणार आहे, मग तो नीट वाचेल. सामानाची यादी त्याच्याच हातात द्या आणि तुम्ही खरोखर विसरून जा. आजी-आजोबांचे मेसेज त्यालाच वाचू द्या, उत्तरही त्यालाच लिहू द्या. कार्टून बघताना त्याच भाषेतली अक्षरं खाली लावून ठेवा. दारावर चिठ्ठ्या चिकटवा, पण 'अभ्यास कर' असल्या नकोत. त्याला हवं असलेलं काही कुठे ठेवलंय ते लिहा. अडला तर थोडं थांबा, अगदीच सुटत नसेल तर शब्द सांगा आणि पुढे चला. वाचून झाल्यावर 'काय बोध घेतलास' हे विचारायचं नाही. आणि स्वतः त्याला वाचून दाखवणं थांबवू नका. तो वाचायला लागला की आईबाप हात झटकतात, हे चूक आहे. त्याला स्वतःला झेपत नाहीत अशा गोष्टी त्याच्या कानावर पडायला हव्यात. भाषा वाढते ती तिथे.

आता एक चाचणी घरीच करून बघा. एखादा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि त्याबद्दल गप्पा मारा. ऐकून सगळं कळतंय, पण तशाच उताऱ्यावर तो स्वतः घाम गाळतोय, तर अडचण शब्द उलगडण्यात आहे, आवडीत नाही. अशा मुलाला 'गोडी लावणं' म्हणजे त्याच्यावर अन्यायच. आधी डोळे तपासा, कानही तपासा. नीट शिकवूनही अक्षरांची ओळख पक्की होत नसेल, तेच शब्द रोज नव्यासारखे वाटत असतील, तर डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं-शब्द उलगडण्यातल्या मूळच्या अडचणीची, तपासणी करून घ्या. त्याचा हुशारीशी संबंध नाही आणि आळसाशी तर नाहीच. हे खरं म्हणजे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण भाऊजी आडवे आले.

आणि त्या १९७३च्या प्रयोगाबद्दल. ती मुलं मुळातच चित्रं आवडणारी होती. ज्याला वाचन आवडतच नाही त्याची आवड बक्षीस कुठून मारणार, हा भाऊजींचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. कंटाळवाण्या सरावाला, म्हणजे जोडाक्षरांच्या वगैरे, एखादी चांदणी चालेल. पण गोष्टीच्या पानाला भाव लावू नका, आणि हे उत्तर माझ्या दिरांना पाठवू नका.