स्केटपार्क बांधताय? आधी पाण्याचं बघा

जागा मिळाली म्हणून लगेच रॅम्पची चित्रं काढायला बसू नकोस. आधी एक पावसाळा तिथे पाणी कुठे साचतं ते बघ. जमीन काळ्या मातीची असेल तर ती खोदून काढून मुरूम भरा आणि थराथराने रोलर फिरवा, नाहीतर उन्हाळ्यात स्लॅबला भेगा पडणारच.

प्लायवूडचा मोह टाळ. स्वस्त वाटतो, पण कोकणाच्या पावसात मरीन प्लायही फार काळ तग धरत नाही. लोखंडी पत्रा मे महिन्यात तव्यासारखा तापतो. सिमेंट काँक्रीटच घ्या, मजबुतीची ग्रेड एम-३० तरी हवी, सपाट भागाला एक-दीड टक्का उतार. स्केटबोर्डची चाकं जेमतेम ५२ मिलिमीटरची असतात, एवढासा खडा आला तरी पोरगं तोंडावर आपटतं. त्यामुळे घोटाई महत्त्वाची. आमच्या मिस्त्रीने सवयीने वरून सिमेंटचा नीरू फिरवला आणि वर्षात त्याचे पापुद्रे निघाले! काँक्रीट ओलं असतानाच घोटायचं, वेगळा थर नको. मग गोणपाट टाकून किमान दहा दिवस पाणी मारा.

कोपिंगला, म्हणजे रॅम्पच्या वरच्या कडेला, दोन इंची एम.एस. (माइल्ड स्टील) पाईप मागा. तो बाहेरून ६० मिलिमीटर भरतो, तेवढाच लागतो.

आणि रॅम्पची उंची तीन-चार फूटच ठेवा. मोठा बाऊल, म्हणजे वाडग्यासारखा खोल खड्डा, फोटोत छान दिसतो, पण नवशिकी पोरं त्यात उतरत नाहीत. मध्य प्रदेशातल्या जनवार गावचा स्केटपार्क गावातल्या पोरांनीच गजबजवला, तिथे एकदा जाऊन ये.