आधी शब्द पाठ कर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तीन प्रश्न विचारलेस: नावापुढे 'नारायणगावकर' लावू का, तमाशाच्या फडात उतरू की पुण्याच्या ऑर्केस्ट्रात जाऊ, आणि ढोलकीवरचा हात आणखी जलद कसा करू. चार पानांच्या पत्रात तुला किती लावण्या पाठ आहेत हे मात्र कुठंच नाही. सोबतच्या व्हिडिओत हात सुरेख आहे, डाव्या पुडीवर हात घासून काढलेला घिस्सा गोड आहे, पण मागे गाणारी बाई काय म्हणतेय हे तुला ठाऊक नाही, ते दिसतं. ती शब्द टाकते तिथंच तू तोडा, म्हणजे बोलांचा तुकडा, टाकतोस. म्हणून तुझे प्रश्न बाजूला ठेवून आधी एवढंच सांगतो: ज्या गाण्याचे शब्द पाठ नाहीत, ते वाजवायचं नाही.

आता नावाचं. नारायणगावसारख्या एका गावातून एवढे तमाशा कलावंत का निघतात, हे तुझ्यासारख्या तिथं वाढलेल्यानं तरी नीट समजून घ्यावं. पुणे-नाशिक रस्त्यावरचं बाजाराचं गाव, चारी बाजूंनी जत्रांची गावं, त्यामुळे फडांनी तिथं मुक्काम धरला. पाडव्याच्या सुमाराला राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी येतात, इसार देतात, सुपारी ठरते. त्याआधी दसऱ्याच्या तोंडावर तालमी. मातीचा गुण वगैरे म्हणतात ते खरं नाही. खरा गुण तालमीचा. तालमीबाहेर उभ्या राहिलेल्या पोराच्या कानावर तीच लावणी शंभरदा पडायची, आणि ढोलकीला हात लागण्याआधी ओळ कुठं मोडते, श्वास कुठं घेतात, झील, म्हणजे मागच्यांनी ओळ उचलणं, कुठं येते हे त्याला पाठ असायचं. गाव कान देतं, एवढंच देतं. हात ज्याचा त्यानं करायचा.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचं नाव काढलं की लोक फडावरच्या बाळंतपणाची गोष्ट सांगतात आणि थांबतात. मला त्याचा राग येतो. त्यांचा जन्म १९३५चा, पंढरपूरचा. नाव लागलं ते नारायणगावचं, कारण वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड तिथला. लहानपण फडातच गेलं, त्यामुळे गाणं, अदा आणि वगातलं, म्हणजे तमाशातल्या नाट्यातलं, काम या तिन्ही गोष्टी एकाच तोंडातून, एकाच पाठांतरातून आल्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, २००२ साली त्या गेल्या, आता त्यांच्या नावानं राज्य शासन जीवनगौरव देतं. मंगला बनसोडे त्यांचीच लेक. या घरात शब्द आधी आला आहे, बाकी सगळं त्याच्या मागून. तू ते आडनाव लावायला निघालास म्हणून हे ऐकवतोय.

सांगलीजवळचं कवलापूर बघ. तमाशातले शिवा-संभा तिथले, त्याच घरातले काळू-बाळू तिथले. काळू-बाळू या जुळ्या भावांची ती बतावणी, म्हणजे विनोदी सवाल-जवाब, लोकांनी डोक्यावर घेतली ती टायमिंगमुळे, आणि टायमिंग म्हणजे दुसऱ्याचा शब्द कुठं संपतो हे आधीच ठाऊक असणं. गोव्यातलं मंगेशी घे. १९०० साली दीनानाथ मंगेशकर जन्मले, १९२९ साली जितेंद्र अभिषेकी, दोघेही गवई त्याच गावचे. अभिषेकीबुवांच्या घराण्याकडे तर मंगेशाच्या अभिषेकाचंच काम. पण गाणं एकाचं दुसऱ्यासारखं नाही. गावाचं नाव लावलं म्हणून गावचा बाज येत नाही, आणि बाज उचलला म्हणून गाणं येत नाही. नाव लावायचं तर लाव, कुणी अडवणार नाही. फक्त त्या गावात गायलेल्या पाच लावण्या तरी तोंडपाठ असू देत.

तू म्हणशील, ढोलकीवाल्याला शब्दांशी काय करायचंय? तुझ्याच व्हिडिओवरून दाखवतो. केरवा ताल आठ मात्रांचा. दोन आवर्तनांच्या सोळा मात्रा, सतरावी म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली, तीच सम. तू पाच मात्रांचा बोल तीनदा घेतलास, मध्ये एकेक मात्रा मोकळी सोडलीस. पाच, एक, पाच, एक, पाच: बरोबर सतरा. शेवटचा 'धा' समेवर, हिशेब चोख, कमेंटमध्ये टाळ्या. पण ती ओळ समेवर उठतच नाही. ती समेच्या दोन मात्रा आधी, म्हणजे पंधराव्या मात्रेवर उठते, आणि लावणीत अशा ओळी पुष्कळ. तुझा तिसरा बोल तेराव्या मात्रेवर सुरू झाला. म्हणजे पंधरा, सोळा, सतरा हे तिन्ही आघात थेट तिच्या शब्दावर पडले. ओळीतला पहिला शब्द प्रेक्षकाला ऐकूच आला नाही. बाईला आवाज चढवावा लागला. एका कडव्यात चालून जातं. रात्रभराच्या खेळात तिसऱ्या-चौथ्या लावणीला तिचा घसा बसतो आणि लोक म्हणतात, बाईचा आवाज राहिला नाही.

आता त्याच बोलातल्या मोकळ्या मात्रा काढून टाक. पाच त्रिक पंधरा. शेवटचा 'धा' पंधराव्या मात्रेवर, नेमका तिच्या पहिल्या अक्षरावर, आणि पुढं हात साध्या ठेक्यावर. तोच बोल, तेवढाच जलद हात, आणि गाणं उभं राहतं. हा बदल कधी करायचा हे शब्द पाठ असल्याशिवाय कळणार कसं? मात्रा मोजून समजेल असं वाटतं, पण दुसऱ्या कडव्यात तीच ओळ एखादे वेळी समेवर उठते. ढोलकीवाल्याला शब्दच पाठ लागतात.

शिकायची रीत लिहितो, तशीच कर. कोरी वही घे. पाच गाणी हातानं लिही, फोनमध्ये नाही: एक गवळण, एक राम जोशींची, एक होनाजी बाळाची, एक पठ्ठे बापूरावांची, आणि एक तुमच्याकडच्या फडात आज गायली जाते ती. राम जोशींची मुद्दाम, कारण तिथं शब्दांची गर्दी असते आणि श्वासाची जागा शोधावी लागते. प्रत्येक ओळीत सम जिथं पडते त्या अक्षराखाली रेघ मार, श्वास घेतात तिथं टिंब, झीलकरी ओळ उचलतात तिथं फुली. मग ढोलकी न घेता हातानं टाळी देत म्हण, मिनिटाला साठ मात्रा, त्याहून जलद नको. अडखळलास की पहिल्यापासून. पाठ झाल्यावर ढोलकी मांडीवर घे आणि स्वतः गात नुसता धागेनति नकधिन वाजव. गाताना ठेका हलला तर शब्द अजून कच्चे आहेत. ठेका स्थिर झाला की फक्त फुल्यांच्या जागी हात उघड. झील चालू असते तेवढाच वेळ तुझा. शब्द आला की शाईवरचा, म्हणजे उजव्या पुडीवरचा, हात हलका, धुमावर, म्हणजे डाव्या पुडीवर, नुसता आधार, आणि घिस्सा तर अजिबात नाही, कारण घिस्सा गाणाऱ्या आवाजाच्या अंगावर जातो. तोडे, दुगुन, लग्गी असलं जलद वाजवणं यानंतर. एका गाण्याला तीन आठवडे लागले तरी लागू देत.

बतावणीलाही हेच. सोंगाड्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द पडायच्या आत थाप मारलीस तर हशा मेला. फार उशिरा मारलीस तर हशावर थाप पडते आणि पुढचं वाक्य बुडतं. शब्द पडला, हशा उठला, तो उतरायला लागला की थाप. वगाची पूर्ण लिखित संहिता पुष्कळदा नसते, संवाद हजरजबाबी असतात, म्हणून तालमीत बसून प्रसंग पाठ करावे लागतात.

ढोलकीच्या सुराबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण व्हिडिओत शाई उतरलेली आहे. बाई काळी चार पट्टीत गातेय आणि तुझी पुडी तिच्या षड्जाच्या खाली बसलीय. नट-बोल्टची ढोलकी आहे, म्हणून एकच बोल्ट पिळून काम भागवतोस. तसं करू नको. समोरासमोरचे दोन बोल्ट, एका वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर त्या जागेची किनार बोटानं वाजवून बघ. एकाच बाजूनं ओढलीस तर पुडी तिरकी बसते, किनारीला दोन जागी दोन सूर येतात आणि शाईला भेगा जातात. एका ढोलकीकडून फार सुरांची अपेक्षा धरू नको. सूर-दीड सूर चढवलास तर पुडी फाटायचीच. बाई काळी चारची आणि पुरुष गाणारा खालचा असेल तर दोन ढोलक्या ठेव. चैत्रात दिवसा कातडं तापून सूर चढतो आणि मध्यरात्रीनंतर दव पडलं की उतरतो. म्हणून गण-गवळण आटोपल्यावर वग सुरू व्हायच्या आत पुन्हा लाव. हॅलोजनच्या झोतात ढोलकी ठेवू नको, धुमातला मसाला मऊ पडतो आणि घुमारा जातो. दुसरी ढोलकी कापडात गुंडाळलेली असू दे.

फड की ऑर्केस्ट्रा? शब्द पाठ असलेला ढोलकीवाला दोन्हीकडे लागतो, न पाठ असलेला दोन्हीकडे बदलता येतो. वयानं तू लहान आहेस, मी म्हणेन आधी फडाचा एक हंगाम कर. तंबूचा फड दसऱ्याला निघतो तो बुद्धपौर्णिमेपर्यंत, हंगामी फड नुसत्या जत्रा करतात. पहिल्या वर्षी हंगामी बरा. पण एक सांभाळ: उचल. फडमालक हंगामाआधी उचल देतो आणि ती हंगामभर कामातून फिटते. घरात लग्न निघालं, आजारपण निघालं म्हणून मोठी उचल घेतली की पुढच्या हंगामाचाही करार तिथंच होतो. हंगामाच्या ठरलेल्या पैशाच्या निम्म्याहून जास्त उचल घेऊ नको. किती खेळ, जेवण कुणाचं, आजारी पडल्यास पगार कापणार का, हे कागदावर लिहून घे आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव. ओळखीच्या माणसाकडे तर नक्कीच लिहून घे.

रील करायचे तर कर. अटी तीनच, पूर्ण कडवं असू दे, गाणाऱ्या बाईचा आवाज तुझ्या ढोलकीपेक्षा वर असू दे आणि तिचं नाव लिही.

माझ्याविषयी तू ऐकलं असशीलच, की हा माणूस महिनाभर ढोलकीला हात लावू देत नाही, नुसतं पाठांतर करून घेतो, पोरं कंटाळून पळतात. खरं आहे. पळतात ती पळू देत, मी हे सोडणार नाही. फडांची बाडं, म्हणजे गाण्यांच्या हातानं लिहिलेल्या वह्या, गेली रे. कुणाच्या घरात वाळवीनं खाल्ली, कुणी रद्दीत घातली. लिहिणारे गेले, गाणाऱ्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर जी गाणी गेली ती आता कुणाच्या हातात कितीही गती असली तरी परत वाजणार नाहीत. ठेका उरतो, केरवा कुठंही मिळतो. शब्द मिळत नाही. हे मला रात्री झोपू देत नाही, आणि म्हणून तुझ्यासारख्या चांगल्या हाताच्या पोरावर मी चिडतो. तुझ्या आळीत अजून दोन-तीन म्हाताऱ्या असतील ज्या फडात गायल्या. रेकॉर्डिंगचा फोन आधी खिशात ठेव, चहा घेऊन जा, समोर बसून शब्द विचार, लिहून घे, लिहिलेलं त्यांना वाचून दाखव. त्या चुका सांगतील. कुठल्या फडात कुणी गायलं तेही वहीत लिही. मग रेकॉर्डिंग करायचं की नाही ते त्यांना विचार.

भाद्रपद अर्धा झाला की ये. पाचही गाणी लिहिलेली वही आण. रेघा, टिंबं, फुल्यांसकट. एखाद्या गाण्याचा पाठ दोन जणींकडून वेगळा मिळाला तर दोन्ही लिही, एक खोडू नको. ढोलकी माझ्याकडे आहे. फोन करायचा तर सकाळी आठच्या आत कर, नंतर मी तालमीत असतो.

तुझा,
वस्ताद